उलटा दोन

बोईसरहून एक अम्मी मुलाची वही घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा पहिलीत, मराठी शाळेत. संध्याकाळी मकतबमध्ये कायदा शिकतो. वहीत १२ च्या जागी १६, ३२ च्या जागी ३६. "टीचर, मार खातो तरी तेच लिहितो. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून, त्यानेच गोंधळतो का? मकतब बंद करू का?"

मी म्हटलं, "आधी मार बंद करा."

आपण पाहतो डोळ्यांनी, पण ओळखतो मेंदूने. डोळ्यांची खबर आधी डोक्याच्या मागच्या भागात पोचते. तिथल्या पेशी सुरुवातीला नुसत्या रेषा टिपतात. एखादी उभ्या रेषेला जागी होते, एखादी तिरक्या. ह्युबेल आणि वीझेल यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं, १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे मेंदूच्या तळाकडे जाता जाता रेषांचे आकार होतात आणि आकारांच्या वस्तू.

थोड्या रेषांत मेंदूचं कसं भागतं, हे आपल्या पालघर जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. वारली चित्रात टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, हातापायांच्या काड्या. ना नाक, ना डोळे. तरी पाहणारा लगेच म्हणतो, माणूस नाचतोय. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी एवढ्याच सामग्रीवर अख्खी गावं उभी केली. त्या माणसाचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, आपल्याला फरक पडत नाही.

गोम इथेच आहे. सातपाटीचं पापलेट टोपलीत कोणत्याही कुशीवर ठेवा, ते पापलेटच. मेंदूची ही सवय फार जुनी आणि फार उपयोगी. दिशा बदलली म्हणून वस्तू बदलत नाही. लिहिणं-वाचणं मात्र जेमतेम पाचेक हजार वर्षांचं. त्यासाठी मेंदूत तयार जागा नव्हती. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहान सांगतात, की वाचायला शिकताना मूल वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा, डाव्या बाजूचा, अक्षरांसाठी वळवून घेतं. लिपी कोणतीही असो, जागा जवळपास तीच.

आणि तिथे जुनी सवय आड येते. आपला २ आरशात धरा, जवळजवळ ६ दिसतो. उर्दूतला सात उलटा केला की आठ. म्हणजे मुलाला सांगायचं, पापलेट उलटलं की आता त्याला सुरमई म्हण! एकच लिपी शिकणारी मुलंही असंच चुकतात. इंग्रजी शाळांत छोट्या 'बी' आणि 'डी'चा हाच घोळ असतो. मकतबचा यात दोष नाही. उलट बे, ते, से यांच्यातला फरक नुसत्या नुक्त्यांवर ओळखायला तो तिथेच शिकतोय.

सात-आठ वर्षांपर्यंत हे चालायचंच. त्यानंतरही टिकलं आणि वाचनही अडखळत राहिलं, तर जाणकाराला दाखवावं. तोवर मी त्यांना एक काम सांगितलं : ताटात तांदळाचं पीठ पसरा, मुलाचं बोट धरून मोठा २ गिरवून घ्या, तोंडाने 'दोन' म्हणवत. हाताला दिशा कळली की डोळ्यालाही मदत होते.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मुलगा सोबत होता. मी पाटीवर बावीस लिहायला सांगितलं. त्याने जीभ बाहेर काढून, मन लावून लिहिलं : २६.

"टीचर," अम्मी हसल्या, "एक तर सरळ आलाय."