तालुक्याच्या गावाचा आराखडा कुणासाठी? खेड्यावरून येणाऱ्याचा हिशोब कुठंच नाही

विशेष विश्लेषण

लातूर : खेड्यात डीपी म्हटलं की लाइटचा डब्बा आठवतो. डीपी जळाली की अख्खं गाव अंधारात आणि मोटारी बंद. पण तालुक्याच्या गावात अजून एक डीपी असते, आणि तिचा झटका त्याच्यापेक्षा जास्त वर्षं बसतो. ती म्हणजे विकास आराखडा. रस्ता कुठून जाणार, बाजार कुठं भरणार, कोणत्या गटात बगीचा, कोणत्या गटात शाळा, हे सगळं त्या नकाशात ठरतं. एकदा मंजूर झाला की पुढची वीस वर्षं गाव त्याच नकाशावर चालतं.

हा नकाशा तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांचा आहे, आपला काय संबंध, असं खेड्यातल्या माणसाला वाटतं. खरी गफलत इथंच होते. तालुक्याच्या गावाची खानेसुमारी रात्री झोपणाऱ्यांची होते. दिवसा मात्र निम्मी वर्दळ खेड्यांची असते. तहसीलला, रजिस्ट्रीला, बँकेत, दवाखान्यात, मोंढ्यात, कॉलेजात येणारी माणसं आसपासच्या वाड्या-तांड्यावरची. बाजार त्यांच्या पैशावर चालतो. पण आराखड्यात त्यांचा हिशोब कुठंच धरलेला नसतो.

ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2014 साली घेतला. लातूर जिल्ह्यात चाकूर, रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ आणि जळकोट ही गावं अशीच नगरपंचायती झाली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, 17 प्रभाग पडले. पाटी बदलली. पण गाव वाढतंय ते जुन्याच पद्धतीनं, म्हणजे ज्याचं रान रस्त्याला लागून, त्याचं प्लॉटिंग आधी.

याचा परिणाम कुठल्याही तालुक्याच्या गावात गेलं तरी दिसतो. जुन्या पेठेत वाड्यांना कुलपं, आणि हायवेला दोन-अडीच किलोमीटर लांब नुसते दगड रोवलेले प्लॉट. मधल्या रानात सोयाबीन उभं, पलीकडं पुन्हा चार घरं. त्या चार घरांना रस्ता पाहिजे, नाली पाहिजे, नळ पाहिजे, खांबावर दिवा पाहिजे. मागणी रास्तच आहे. पण खर्च कुणाच्या खिशातून?

एक साधा हिशोब मांडून बघता येतो. समजा, पेठेतल्या 100 मीटर रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून 20 दुकानं आहेत आणि प्रत्येकाची वर्षाची घरपट्टी 3,000 रुपये आहे. त्या रस्त्यावर 60,000 रुपये जमा होतात. बाहेरच्या प्लॉटिंगमध्ये तेवढ्याच 100 मीटरवर तीन घरं आहेत आणि प्रत्येकाची पट्टी 1,500 रुपये आहे. तिथं जमा होतात 4,500 रुपये. डांबर, पाइप आणि नाली मात्र दोन्हीकडं 100 मीटरच लागते. गाव जितकं विस्कटतं, तितकी नगरपंचायत कंगाल होते. मग प्रत्येक कामाला वरच्या निधीची वाट बघावी लागते, आणि निधी आला तरी तो नव्या कामाला येतो. आधी केलेल्या रस्त्याच्या डागडुजीला पैसा उरत नाही.

ऑफिस गावाबाहेर, खर्च खेड्याच्या माथी

दुसरी गोष्ट सरकारी इमारतींची. नवी इमारत बांधायची म्हटलं की जागा शोधतात ती गायरानात किंवा बायपासला. कारण ती सरकारी असते, फुकट असते. कागदावर ती स्वस्त पडते. पण जी बचत सरकारची होते, ती रोज थोडी थोडी करून खेड्यातल्या माणसाकडून वसूल होते.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्ध तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना प्रवास फुकट झाला. दोन्ही निर्णयांचा खेड्याला मोठा आधार झाला. पण धरून चाला की एका बाईचं जायचं तिकीट 40 रुपये आहे. अर्ध्या तिकिटामुळं जाऊन-येऊन तिचे 40 रुपये वाचले. स्टँडवर उतरल्यावर ऑफिस तीन किलोमीटरवर असेल आणि ऑटोवाला एका खेपेला 20 रुपये घेत असेल, तर वाचलेले 40 रुपये तिथंच गेले. वर साहेब मीटिंगला गेलेले असले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मजुरी बुडाली ती वेगळीच.

जागा फुकट मिळाली म्हणून इमारत स्वस्त पडली, असं म्हणताना येणाऱ्या प्रत्येक माणसाची खेप मोजायला पाहिजे. ती मोजली तर स्टँडजवळची जागा पैसे मोजून घेतलेली परवडते, असं हिशोब सांगेल.

लातूरनं शंभर वर्षांपूर्वी काय केलं

नियोजन म्हणजे शहरातल्या मोठ्या साहेबांचं काम, असं कुणाला वाटत असेल तर लातूरची गंजगोलाई बघावी. मधली दुमजली इमारत 1917 सालची. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि लातूर हा जिल्हाही नव्हता. जिल्हा झाला तो 1982 साली. फैय्याजुद्दीन या नगररचनाकारानं गोलाईचा नकाशा केला. मधोमध बाजार आणि त्याला येऊन मिळणारे 16 रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, ज्याची त्याची ओळ वेगळी. कुठल्याही बाजूच्या खेड्यातून आलेला माणूस सरळ बाजाराच्या मध्यावर पोचायचा, आणि एका फेरीत त्याची सगळी कामं व्हायची.

आज तिथं गर्दी आहे, गाडी लावायला जागा नाही, हेही खरंच. पण मूळ विचार बरोबर होता. येणारा माणूस कुठून येणार आणि पायी किती फिरणार, हे आधी धरलं आणि मग दुकानं मांडली. लातूर व्यापाराचं गाव झालं त्यात या मांडणीचाही वाटा आहे. आजच्या आराखड्यांत नेमकं हेच उलटं होतं. आधी जमिनीचे तुकडे पडतात आणि मग माणसानं तिथं कसं पोचायचं ते त्याचं त्यानं बघायचं.

पाच तालुके, आगार नाही

गाव कितीही चांगलं मांडलं तरी तिथं पोचायला गाडी पाहिजे. एसटीच्या लातूर विभागात लातूर, उदगीर, अहमदपूर, निलंगा आणि औसा अशी पाच आगारं आहेत. तालुके दहा. म्हणजे चाकूर, रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ आणि जळकोटच्या खेड्यांना गाडी सोडायची की नाही, हे दुसऱ्या तालुक्याच्या आगारात ठरतं. तालुके नवे झाले, ऑफिसं नवी झाली, पण गाड्यांचं वेळापत्रक जुन्या तालुक्याकडं तोंड करूनच राहिलं.

त्यात ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 असा एसटीचा लांबलेला संप झाला. त्या काळात माणसं काळी-पिवळीला आणि मोटारसायकलला लागली. जिथं मुक्कामाची गाडी बंद पडली, तिथं सकाळची पहिली खेपही गेली. म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं तर कुणाची तरी गाडी सांगावी लागते. पोरींचं तर विचारूच नका. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. पण कॉलेज सुटायच्या आधीच शेवटची गाडी निघून जात असेल तर त्या पासाचा उपयोग काय? पोरगी रोज शेवटचा तास सोडून पळते. दिवाळीनंतर घरचे म्हणतात, राहू दे आता. शिक्षण असं सुटतं, कुठल्या यादीत त्याचं कारण ‘गाडी’ असं लिहिलं जात नाही.

एसटीची बाजू अशी की खेड्याच्या फेरीला डिझेलचाही पैसा निघत नाही, गाड्या जुन्या झाल्यात आणि चालक-वाहक कमी आहेत. हे नाकारून चालणार नाही. पण गाडी रिकामी का जाते, हेही बघायला पाहिजे. गाडी दहाला आणि कॉलेज आठला, बाजार सोमवारी आणि जादा फेरी कुठल्याच दिवशी नाही, असं असेल तर गाडी रिकामीच जाणार. नगरपंचायत आराखडा करते, एसटी वेळापत्रक करते, शिक्षण खातं शाळेची वेळ ठरवतं. तिघं कधी एका टेबलावर बसत नाहीत. बसले तर बऱ्याच गोष्टी एक रुपया खर्च न करता जुळतील.

बायपास नको असं नाही

यावर एक प्रश्न हमखास येतो. गावात आधीच गर्दी, उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, मग सगळं आत कसं घ्यायचं? बायपास पाहिजेच. लांब पल्ल्याचा ट्रक शाळेसमोरून जायचं काहीच कारण नाही. पण बायपास हा पुढं जाणाऱ्या गाड्यांसाठी असतो. त्याच्यावरच बाजार, दवाखाना आणि तहसील नेऊन ठेवलं की तो बायपास राहत नाही, तो दुसरा गर्दीचा रस्ता होतो, आणि तोही भरधाव गाड्यांचा. रस्ता ओलांडताना जीव जातो तो पायी चालणाऱ्याचा.

तसंच रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या बायांचं. त्यात बऱ्याच जणी शेतकरीच असतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे लागतात. आराखड्यात त्यांची जागा स्टँडजवळ धरली तर अतिक्रमणाचं भांडणच उरत नाही.

30 दिवस महत्त्वाचे

आराखडा होतो 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं. प्रारूप आराखडा जाहीर झाला की राजपत्रातल्या सूचनेपासून 30 दिवस हरकती आणि सूचना देता येतात. महत्त्वाची गोष्ट ही की हरकत कुणीही व्यक्ती लेखी देऊ शकते. गावात मतदान नाही, घर नाही, तरी खेड्यातल्या माणसाला हा हक्क आहे. हरकतीवर नियोजन समितीपुढं सुनावणी होते. हे 30 दिवस बहुतेक वेळा पेरणीत नाहीतर राशीत निघून जातात. नोटीस पेपरात येते, नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागतो, आणि ज्याला कळायला पाहिजे त्याला कळतच नाही. हातात मोबाइल आहे, तर नकाशाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायला काय अडचण आहे?

ज्यांचं रान हद्दीत आहे, त्यांनी आपल्या गटावर आरक्षण पडलंय का ते बघावंच. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं.

खेड्यातल्या ग्रामसभांनी तीन ठराव करायला हरकत नाही. पहिला नगरपंचायतीला : रोजच्या कामाची ऑफिसं आणि दवाखाना स्टँडपासून पायी जाण्याच्या अंतरात ठेवा, बाजारात सावली आणि बायांसाठी मुतारी धरा. दुसरा आगार व्यवस्थापकाला आणि विभाग नियंत्रकाला : कॉलेज सुटल्यानंतर अर्ध्या तासानं गाडी आणि बाजारादिवशी जादा फेरी, सोबत रोज येणाऱ्या पोरांची आकड्यासकट यादी. नुसतं ‘गाडी सुरू करा’ म्हटलेला अर्ज फायलीत जातो, यादी जोडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. तिसरा तहसीलदारांना : नगरपंचायत, एसटी आणि शाळा-कॉलेजवाल्यांची वर्षातून एकदा तरी एकत्र बैठक लावा.

तालुक्याचं गाव बळकट झालं तर त्याचा फायदा आधी खेड्यालाच आहे. जिथं एका खेपेत दवाखाना, बँक आणि बाजार उरकतो, तिथल्या माणसाला पुण्याची गाडी धरायची घाई होत नाही. पण त्यासाठी नकाशात खेड्याची वाट काढलेली पाहिजे. ती आपोआप निघणार नाही, 30 दिवसांत लेखी मागावी लागेल.