अकरावीत कमावलेलं क्रेडिट पदवीत धरा

उदगीरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवते. लातूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला शिकवणं म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही पालकाला विचारा. अकरावीचा प्रवेश झाला की मूल नीटचं होतं, जेईईचं होतं, नाहीतर सीईटीचं. बॅच, टेस्ट सिरीज, रँक, हॉस्टेल यांपलीकडे दोन वर्षं घरात दुसरा विषय नसतो. पण माझ्या वर्गात असेही बरेच जण असतात, ज्यांना यातलं काहीच करायचं नाही. ते बारावीनंतर गावातल्याच किंवा शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात बीएस्सी, बीकॉम, बीए करणार असतात. त्यांच्या अकरावीकडे कुणाचं लक्ष नसतं. पुष्कळदा त्यांचं स्वतःचंही नसतं. मी लिहिते आहे ते प्रामुख्याने या मुलांसाठी.

म्हणणं एवढंच आहे की अकरावी-बारावीतल्या विद्यार्थ्याने केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरचा पदवीच्या दर्जाचा कोर्स पूर्ण केला आणि केंद्रावर जाऊन त्याची परीक्षा पास केली, तर ते क्रेडिट पुढे त्याच्या पदवीत धरलं गेलं पाहिजे. आज ते धरलं जात नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. घरात स्मार्टफोन एकच आणि तो दिवसभर वडिलांकडे. अकरावीत तिने ‘स्वयम्’वर आयआयटी रोपडच्या प्राध्यापकांचा पायथनचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. हे कोर्स सगळ्यांना खुले असतात, शिकायला पैसे पडत नाहीत आणि नाव नोंदवताना कुणी बारावीची मार्कशीट मागत नाही. व्याख्यानं ती रात्री गिरणी बंद झाल्यावर ऐकायची. आमच्या लॅबमध्ये तिला मधल्या सुट्टीपुरता कॉम्प्युटर मिळायचा, म्हणून ती आख्खा प्रोग्राम आधी वहीत लिहून आणायची. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवायची याला फार महत्त्व असतं, एक जागा चुकली तरी प्रोग्राम चालत नाही. या मुलीने वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने पेन्सिलच्या उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या, कुठली ओळ कुठल्या रेघेपासून सुरू करायची ते कळावं म्हणून. ती वही मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली होती. दर बुधवारी रात्री बारापर्यंत स्वाध्याय जमा करायचा असे. बुधवारी वीज गेली की मला फोन यायचा, “मॅडम, काय करू?”

परीक्षा नांदेडला होती. काकांबरोबर एसटीने जाऊन देऊन आली. चांगले गुण मिळवून पास झाली.

पुढे ती बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला गेली. पहिल्या वर्षाला विषय कुठला, तर पायथनच. प्रमाणपत्र घेऊन ती कॉलेजच्या ऑफिसात गेली, तेव्हा तिला सांगितलं गेलं की तारीख प्रवेशाच्या आधीची आहे, त्यामुळे काही करता येणार नाही. मग जे तिला येत होतं तेच ती सबंध सत्रभर पुन्हा शिकत बसली. ऑफिसातल्या माणसाचा मी दोष मानत नाही. त्याच्यासमोर जो नियम होता तो त्याने वाचून दाखवला.

आता हा नियमच पाहू. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. विद्यार्थ्याने कमावलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यावर जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षं वापरता येतात. दुसरी म्हणजे, एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करायला विद्यापीठांना परवानगी दिली. आधी ही मर्यादा २० टक्के होती. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण दोन्हीकडे विद्यार्थी आधीच कुठल्यातरी उच्च शिक्षण संस्थेत दाखल झाला आहे, हे गृहीत धरलेलं आहे. त्याच्या कॉलेजने त्या सत्रासाठी कोर्सची यादी मंजूर करायची आणि त्या यादीतला कोर्स त्याने करायचा. अकरावीतल्या मुलीला या सगळ्यात जागाच नाही.

२०२३ मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं. शाळेपासून पीएचडीपर्यंतचं शिक्षण एकाच मापाने मोजायचं, ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट द्यायचं आणि शालेय क्रेडिटही त्याच बँकेत ठेवायचं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे धोरण आमच्या बाजूने आहे. अडतं ते विद्यापीठाच्या पातळीवर. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट्स धरतात. आपल्याकडे पदवीच्या पहिल्या वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट्स लागतात. त्यातली तीन किंवा सहा मुलाने आधीच मिळवली असतील, तर पदवीचा दर्जा कसा घसरेल, हे मला कुणी समजावून सांगावं. परीक्षा तीच, पेपर तोच. शेजारच्या बाकावर इंजिनिअरिंगचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा बसलेला असतो, त्याचं क्रेडिट धरलं जातं आणि अकरावीतल्या मुलीचं नाही.

आपल्याच देशात याच्या जवळ जाणारा एक प्रयोग चालू आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अकरावीची परीक्षा दिलेला विद्यार्थीही त्याच्या पात्रता फेरीला बसू शकतो. चार आठवडे अभ्यास, दर आठवड्याला स्वाध्याय, मग केंद्रावर परीक्षा. पास झाला तर जागा पक्की आणि बारावी झाल्यावर प्रवेश. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर आयआयटी विश्वास टाकते, तर आमच्या विद्यापीठांनी का टाकू नये?

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे विषय घ्यायची मुभा दिली. माझी मावसबहीण ओहायोत कोलंबसजवळ राहते. त्या राज्यात ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ नावाची योजना २०१५ पासून आहे. कॉलेजच्या अभ्यासाची तयारी आहे असं दाखवून देणाऱ्या सातवी ते बारावीच्या मुलांना सरकारी कॉलेजचे विषय फुकट करता येतात, पुस्तकंसुद्धा मोफत मिळतात. माझ्या भाचीने अकरावीत घरी बसून कम्युनिटी कॉलेजचा इंग्रजी लेखनाचा विषय ऑनलाइन केला. ती मला म्हणाली, “मावशी, गुण मिळाले ते ठीकच, पण कॉलेजचा प्रोफेसर आपला निबंध कसा वाचतो, ते मला आधीच कळलं.” हे मला फार मोलाचं वाटलं. आमच्या भागातलं मूल घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच असतं, तेव्हा त्याला नेमकी याचीच भीती असते.

ओहायोकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक घेण्यासारखी, एक टाळण्यासारखी. घेण्यासारखी ही की ठरावीक पायाभूत विषयांचं क्रेडिट राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांनी मानलंच पाहिजे, असा तिथे दंडक आहे. पोराने कष्ट करायचे आणि मान्यतेसाठी दारोदार फिरायचं, असं होत नाही. टाळण्यासारखी ही की तिथे मिळालेली श्रेणी कायमची कॉलेजच्या गुणपत्रकावर बसते आणि मूल नापास झालं तर शाळा पालकांकडून पैसे वसूल करू शकते. मावसबहीण त्या वर्षी लेकीइतकीच धास्तावली होती. आपल्याकडे असं करू नये. पास झालं तर जमा, नाही झालं तर कुठेही नोंद नको.

याला विरोध होईल, आणि त्यातले काही मुद्दे मलाही पटतात. पहिला मुद्दा मुलांवरच्या ओझ्याचा. नीटची तयारी करणाऱ्या मुलाने हे करावं असं माझं म्हणणं नाही. बारावीच्या दुसऱ्या सत्रात तर कुणीच करू नये, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. पण अकरावीत जुलै ते ऑक्टोबरच्या सत्रात ज्याला हौस आहे, त्याने एक कोर्स जरूर करावा. एका वेळी एकच, आणि कुठल्याही कॉलेजने तो सक्तीचा करू नये.

दुसरी भीती क्लासवाल्यांची. लातूर जिल्ह्यात राहून ही भीती मी कमी लेखणार नाही. क्रेडिटला किंमत आली की ‘अकरावीतच सहा क्रेडिट्स’ असे फ्लेक्स लागतील. म्हणून खासगी कंपन्यांचे कोर्स यात मुळीच नकोत. फक्त ‘स्वयम्’चे, तेही केंद्रावर परीक्षा होणारे. घरी बसून कॅमेऱ्यासमोर दिलेल्या परीक्षेवर माझा विश्वास नाही, पालकांचाही नसावा.

तिसरा मुद्दा माझ्या स्वतःच्या बिरादरीचा आहे आणि तो सगळ्यात नाजूक आहे. सीनिअर कॉलेजातले सहकारी म्हणतात की विषय ऑनलाइन गेले की कार्यभार कमी होतो, कार्यभार कमी झाला की पद जातं. आधीच कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक वर्षभर राबून तुटपुंज्या मानधनाची वाट पाहतात. हे मी रोज पाहते, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मुख्य विषयाची क्रेडिट्स सहसा यातून देऊ नयेत असं माझं मत आहे. माझ्या विद्यार्थिनीसारखं कुणी तोच विषय आधी पास झालं असेल, तर त्या एका पेपरमधून सूट द्यावी, तेवढाच अपवाद. एरवी ही क्रेडिट्स ओपन इलेक्टिव्हमध्ये धरावीत.

ओपन इलेक्टिव्हची आमच्याकडची अवस्था सांगते. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे विज्ञानाच्या मुलाने दुसऱ्या शाखेचा विषय निवडायचा असतो. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजात जो प्राध्यापक मोकळा असेल त्याचा विषय सगळ्यांनी घ्यायचा. एखाद्या मुलीला मानसशास्त्र शिकायचं असतं, पण तो विभागच त्या कॉलेजात नसतो. इथे ऑनलाइन कोर्स कुणाचाही तास हिरावून घेत नाही, कारण तो तास कुणाकडे नव्हताच. आणि जो प्राध्यापक अशा मुलांचा मार्गदर्शक होईल, त्याचे ते तास कार्यभारात मोजावेत. बुधवारच्या रात्रीचे फोन कुणीतरी घ्यावे लागतात.

पैशाचंही बोलायला हवं. शिकणं मोफत असलं तरी ‘स्वयम्’वर आयआयटींचे कोर्स चालवणाऱ्या एनपीटीईएलच्या एका परीक्षेची फी एक हजार रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती निम्मी आहे. शहरात हजार रुपये सहज निघतात. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी आमच्याकडे निघत नाहीत, शिवाय एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी असतेच. राज्य सरकारने ही फी भरावी आणि परीक्षा केंद्र तालुक्याच्या जवळ आणावं. भाषेची अडचण आहे, पण एनपीटीईएलच्या काही कोर्सच्या व्याख्यानांचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. मी ते छापून वर्गात ठेवते, मुलं ते इंग्रजी व्याख्यानाशेजारी ठेवून वाचतात.

हे सगळं मला एवढं का लागून राहिलंय, तेही सांगते. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी काहींचं लग्न बारावीनंतर वर्षा-दोन वर्षांत होतं. सासरी कॉलेज जवळ असेलच असं नाही, आणि असलं तरी जाऊ देतील असं नाही. अशा मुलीच्या हातात आज बारावीची मार्कशीट असते आणि ‘पुढं बघू’ हे आश्वासन. तिच्या नावावर पदवीची सहा क्रेडिट्स आधीच जमा असतील आणि ती काही वर्षं टिकणार असतील, तर तिच्या बोलण्याला वजन येईल. “माझी पदवी सुरू झालेली आहे” असं ती म्हणू शकेल. अशा मुली पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालतात, तिशीत परत शिकायला लागतात, हे मी पाहिलं आहे. त्यांचं ‘पुढं बघू’ थोडं अलीकडे आणता आलं तर आणावं.

कायदा बदलायची वाट पाहत बसायचीही गरज नाही. आपल्या अभ्यासक्रमात कुठला कोर्स कशासाठी धरायचा, हे ठरवायचा अधिकार विद्यापीठाला आहे. प्रवेशाआधीच्या दोन वर्षांत ‘स्वयम्’ची परीक्षा पास झालेल्या विद्यार्थ्याला ओपन इलेक्टिव्हमध्ये सहा क्रेडिट्सपर्यंत सवलत द्यावी, आणि त्याच विषयाचा पेपर असेल तर त्यातून सूट द्यावी, एवढा ठराव विद्या परिषदेने करावा आणि गरज पडली तर यूजीसीकडून त्यावर खुलासा मागवावा. आमच्या भागातल्या मुलांसाठी हा ठराव नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आधी केला तर मला अभिमान वाटेल. ‘स्वयम्’चं पुढचं सत्र जुलैत सुरू होतं आणि त्याच सुमाराला अकरावीची मुलं वर्गात येतात. ठराव त्याआधी झाला, तर पहिल्याच तासाला मी त्यांना कोर्सची यादी वाचून दाखवीन.