संकेतस्थळ, शोधयंत्र आणि वैद्याची जबाबदारी

करमाळा तालुक्यातील केम हे जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे एक लहानसे रेल्वे स्थानक. महाराष्ट्र मात्र या गावाला ओळखतो तो कुंकवामुळे. केमच्या कुंकवाची ख्याती संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आज त्याच परिसरातील वैद्यबंधू आणि औषधनिर्माते आम्हांस एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : ‘संकेतस्थळ तर तयार केले, पण शोधयंत्रात ते दिसत नाही, त्यासाठी तज्ज्ञ नेमावा काय, आणि नेमावयाचा तर कसा पारखावा?’ प्रश्न व्यवहाराचा असला तरी त्यात शास्त्राची आणि कायद्याची बाजूही गुंतलेली असल्यामुळे त्याचा येथे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्ञान असणे आणि ते शोधणाऱ्यास सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपल्याला हळदीनेच दिला. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व दिले गेले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली ही गोष्ट तेथे ‘नवी’ ठरली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या संस्थेने जुने लिखित पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, तो परदेशी परीक्षकांना हे ज्ञान त्यांच्या भाषेत शोधता यावे म्हणूनच. तेव्हा सापडण्याची सोय करणे यात कमीपणा काहीच नाही.

तथापि चिकित्सेपूर्वी निदान हवे. केमसारख्या गावातील ज्या वैद्यांचे रुग्ण आसपासच्या खेड्यांतूनच येतात, त्यांना दरमहा शुल्क घेणाऱ्या तज्ज्ञाची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुगलच्या नकाशावर दवाखान्याची नोंद विनामूल्य करता येते. तीत पत्ता, दूरध्वनी, वेळ आणि सुटीचा वार अचूक भरला की पुष्कळसे काम होते. ज्यांची औषधे जिल्ह्याबाहेर जातात अशा फार्मसीमालकांनी मात्र तज्ज्ञाचा विचार अवश्य करावा.

आमच्या परिचयातील एका औषधनिर्मात्या स्नेह्यांचा अनुभव सांगतो. ‘पंधरा दिवसांत पहिल्या पानावर पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्या एका व्यावसायिकास त्यांनी वर्षाचे शुल्क आगाऊ दिले. काही महिन्यांनी सहज पाहतात तो त्यांच्याच नावाच्या संकेतस्थळावर ‘मधुमेह मुळापासून बरा’ असा मजकूर! तो काढण्यास सांगितले, तेव्हा संकेतस्थळाचे नावदेखील त्या व्यावसायिकाच्याच नावे नोंदलेले असल्याचे उघड झाले. पैसा गेला तो गेलाच. वर जबाबदारी मात्र आमच्या स्नेह्यांच्या माथी राहिली.

ही जबाबदारी किरकोळ नव्हे. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, रक्तदाब, मूतखडा असे अनेक विकार आहेत. ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा असून पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्यातील जाहिरातीची व्याख्या इतकी व्यापक आहे की तीत प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. नोंदणीकृत वैद्याच्या दवाखान्यावरील फलकास कलम १४ ने सूट दिली आहे. परंतु त्या सुटीच्या भरवशावर संकेतस्थळावर वाटेल ते लिहिणे आत्मघाताचे ठरेल. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्वेदीय औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची किती कठोर दखल घेतली, हे सर्वांस ज्ञात आहेच.

मग तज्ज्ञ पारखावा कसा? आपली दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही उपयोगी पडते. दर्शन म्हणजे त्याने पूर्वी केलेली संकेतस्थळे स्वतः उघडून पाहावीत. स्पर्शन म्हणजे त्याच्या जुन्या ग्राहकांशी प्रत्यक्ष बोलावे. आणि मग प्रश्न विचारावेत. पहिल्या क्रमांकाची हमी देतो काय? देत असेल तर तेथेच नमस्कार करावा, कारण अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलच सांगते. इतर संकेतस्थळांवरील दुवे विकत घेतो काय? क्रमांक वाढविण्यासाठी केलेली अशी खरेदी गुगलच्या नियमांविरुद्ध असून तिच्यामुळे संकेतस्थळ मागे ढकलले जाऊ शकते. रुग्ण कोणत्या शब्दांनी शोधतात, याचा अभ्यास करतो काय? आपण ‘अर्श’ लिहितो, रुग्ण ‘मूळव्याध’ शोधतो; आपण ‘अम्लपित्त’ म्हणतो, तो ‘ॲसिडिटी’ म्हणतो. हा सांधा जो जोडून देतो तो खरा जाणकार.

करार लेखी असावा. संकेतस्थळाचे नाव आणि सर्व परवलीचे शब्द मालकाच्याच ताब्यात असावेत. वैद्याने वाचून संमती दिल्याखेरीज एकही ओळ प्रसिद्ध होऊ नये. शुल्क वर्षाचे एकदम न देता महिन्याचे द्यावे, आणि फळ मोजावे ते क्रमांकावरून नव्हे, तर संकेतस्थळ पाहून किती दूरध्वनी आले, किती मागण्या नोंदल्या गेल्या यावरून. गुगलचे ‘सर्च कन्सोल’ हे विनामूल्य साधन कोणत्या शब्दांवरून किती लोक आले ते दाखविते. ते उघडून वाचावयास मालकाने स्वतः शिकावे. त्याचप्रमाणे फळ दिसण्यास काही महिने लागतात, हेही ध्यानी ठेवावे. जुनाट व्याधीत सात दिवसांत गुण देण्याचे वचन आपण देत नाही. मग दुसऱ्याने दिलेल्या तशाच वचनावर विश्वास का ठेवावा?

वैद्यबंधूंनो, शोधयंत्र रुग्णाला आपल्या दारापर्यंत आणील. पण दारावर लिहिलेला शब्द आपलाच समजला जाईल. तो शब्द दुसऱ्याच्या हाती सोपवू नये, इतकीच आमची विनंती आहे.