दारातली गाडी आणि कागदावरचं नाव

परवा साताऱ्याला मामेबहिणीकडे गेले होते. तिचे यजमान जाऊन अडीच महिने झाले. दारात त्यांची गाडी तशीच उभी, काचेवर बोटभर धूळ. चहा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "अगं, गॅरेजवाले म्हणतात, गिऱ्हाईक तयार आहे. फॉर्मवर यांच्यासारखी सही करा नि तारीख आधीची घाला, म्हणजे झालं. करू का?"

मैत्रिणींनो, करू नका! गेलेल्या माणसाची सही ही खोटीच सही, करणारी त्याची बायको असली तरी. उद्या वाद निघाला तर गॅरेजवाले कानावर हात ठेवतील, कोर्टाची पायरी तुम्हालाच चढावी लागेल. गाडी विकायचीच असेल, तर आधी ती तुमच्या नावावर व्हायला हवी.

त्याचा रस्ता सरळ आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत तो दिलेला आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, की मालक वारले आणि गाडी मी वापरणार आहे. असं कळवलं, तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्या काळातच ३१ नंबरच्या फॉर्मवर नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विम्याचा कागद आणि फी. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, दंड पडू शकतो इतकंच. दाखल्याच्या मात्र चांगल्या आठदहा प्रती घेऊन ठेवा बाई, बँकेपासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत सगळीकडे तोच मागतात.

बहीण अडली होती ती वेगळ्याच ठिकाणी. मृत्युपत्र नसलं, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली यांच्याबरोबर गेलेल्याची आईही वारस असते. म्हणजे बाकीच्यांच्या ना-हरकत प्रतिज्ञापत्रांत सासूबाईंचंही हवं. "लेक गेल्याचं दुःख ओलं असताना त्यांच्यापुढं कागद कसा धरू?" असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, दिरांकडून निरोप धाडू नकोस, तूच जवळ बसून सांग. तिनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याची गाडी तुझ्याच नावावर असू दे."

करापेक्षा मला काळजी आहे ती विम्याची. खाजगी गाडीचा एकरकमी कर आपल्याकडे नोंदणीच्या वेळीच भरलेला असतो, राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तो पुन्हा द्यावा लागत नाही. गाडीला १५ वर्षं होत आली असतील, तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर एवढं पाहा. विमा मात्र मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांत जे आधी संपेल तोवरच चालतो. तेवढ्यात कंपनीकडे जाऊन तो आपल्या नावावर करून घ्या. पुढं पुतण्या "काकू, जरा गाडी नेतो" म्हणून घेऊन गेला आणि कुणाला धडक बसली, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात उभा राहील. तोवर किल्ली कपाटात असलेली बरी. वाईटपणा आला तरी चालेल.

कंपनीत गेलात की दोन गोष्टी आवर्जून विचारा, आपण होऊन कुणी सांगत नाही. यजमानांचा नो क्लेम बोनस गाडी ताब्यात घेणाऱ्या पत्नीला, मुलांना किंवा आईवडिलांना मिळू शकतो. आणि ती गाडी चालवतानाच अपघातात ते गेले असतील, तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत होता का, ते पाहा.

गाडीवर कर्ज असेल, तर आधी बँकेशी बोला. फास्टॅगही त्यांच्या खात्याला जोडलेला असतो, तो बंद करून आपला घ्या.

आणि हो, ज्यांचे यजमान धडधाकट आहेत त्यांच्यासाठीही एक काम आहे. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत नॉमिनी लावता येतो, जुन्या गाडीलासुद्धा. विषय काढायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला. मी आमच्याकडे विम्याचा हप्ता भरायच्या दिवशी काढला. "इतकी घाई झाली का?" म्हणून हे हसले, पण अर्ज मात्र त्याच दिवशी भरला.