टीम कंपनीची, बातमी गावाची

यंदाच्या गणेशोत्सवात, इथं फ्रीमाँटमध्ये, जेवणाच्या वेळी एका गृहस्थांनी भर पंगतीत मला छेडलं. ओकलंडची बेसबॉल टीम निघून गेली, तरी तुम्ही त्या बातम्या कशाला वाचता? मग त्यांनी आपलं म्हणणं धडाधड मांडलं. टीम ही कंपनी आहे. खेळाडू पैशांनी आणलेले. मालकाला फायदा दिसला की तो गाशा गुंडाळणार, आणि त्यानं 2024 मध्ये तो गुंडाळलाच. अशा टीमला ‘आपली’ म्हणणं खुळेपणा आणि तिच्यावर रोज रकाने लिहिणं म्हणजे फुकटची जाहिरात. स्कोअर काय, फोनवर मिळतो. आणि मुळात हा खेळ आपला नाहीच. लोक हसले. तिथं मी वाद घातला नाही, पण ते हसणं मनातून जात नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. फोनवर स्कोअर मिळतो, पण चांगला चाललेला पिचर सहाव्या इनिंगमध्ये का काढला, हे तिथं कळत नाही. ‘आपला खेळ नाही’ म्हणाल, तर बेसबॉलच्या बातमीचा कणा असलेला बॉक्स स्कोअर रुजवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत तो आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, आणि आपल्या क्रिकेटच्या धावफलकाचीच रीत त्यानं इकडे आणली. हे दोन मुद्दे इथंच संपले.

मला चीड आली ती तिसऱ्या मुद्द्याची. टीम गेली, म्हणून तिचं स्थानिकपण खोटं होतं म्हणे! मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत पेपर कसा वाचला जातो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. स्कोअर सगळ्यांना ठाऊक असतो, निम्मी पेठ तर मैदानावरच असते. तरीही चहाच्या टपरीवर एक जण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे वार्ताहराशी भांडतात: गोल ऑफसाइड होता, यानं लिहिलंच नाही! कोण जिंकलं एवढ्यासाठी ती बातमी कुणी वाचत नाही. आपण काल जे पाहिलं त्याची गावाच्या दप्तरी नोंद झाली की नाही, हे बघायला वाचतात. पुढं मी पेठ सोडली, समुद्र ओलांडला. म्हणून माझी पेठ खोटी झाली का? त्या पंगतीत बसलेला प्रत्येक जण कुठलं ना कुठलं गाव सोडून आलेला होता. सोडून जाणाऱ्यावरून गावाची किंमत ठरवायची असेल, तर आधी आपल्याला सगळ्यांनाच मान खाली घालावी लागेल.

ॲथलेटिक्स ही टीम फिलाडेल्फियात जन्मली, कॅन्सस सिटीत काही वर्षं राहिली आणि 1968 साली ओकलंडला आली. म्हणजे तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली. पण 57 हंगाम ती इथं खेळली. 1972 ते 74 अशी सलग 3 वर्षं तिनं वर्ल्ड सिरीज जिंकली. 1989 साली सामना सुरू व्हायच्या बेतात भूकंप झाला, मालिका 10 दिवस थांबली आणि मग हीच टीम जिंकली. खेळाडू पैशांनी आणलेले? 1406 बेस चोरण्याचा विक्रम करणारा रिकी हेंडरसन ओकलंडच्याच शाळेत शिकला. डेनिस एकर्सली तर आमच्या फ्रीमाँटचा, वॉशिंग्टन हायस्कूलचा. त्या शाळेवरून हे गृहस्थ रोज गाडी नेत असतील. स्थानिक पान वाचलं असतं, तर एवढं तरी कानावर पडलं असतं.

आता ‘फुकटची जाहिरात’. 13 जून 2023, मंगळवार. त्या हंगामात ही टीम तब्बल 112 सामने हरली. प्रेक्षक येत नाहीत, असा मालकाचा कांगावा चालला होता. लोकांनी आपसात ठरवलं, की आज मुद्दाम जायचं आणि स्टेडियम भरून दाखवायचं. मी बार्ट ट्रेननं गेलो. स्टेशनवरून कोलिझियम स्टेडियमकडे जाणाऱ्या पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि हिरव्या टी-शर्टांवर एकच शब्द छापलेला: विका. 27,759 लोक आले. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला एक बॅटर खेळून होईपर्यंत सगळं स्टेडियम गप्प बसलं आणि मग एकच आरोळी उठली, टीम विका! उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये ढोल बडवणारे बडवत होते. डोळे मिटले असते तर कोल्हापुरात मिरजकर तिकटीला उभा आहे असं वाटलं असतं. आपण तो सामना 2-1 नं जिंकलो. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटनं लास व्हेगसच्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलर सरकारी पैसा देणारं विधेयक मंजूर केलं. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या त्या इथल्या क्रीडा वार्ताहरांनी. 1995 मध्ये रेडर्स या अमेरिकन फुटबॉल टीमला परत आणण्यासाठी शहरानं आणि काउंटीनं रोखे काढून स्टेडियम वाढवलं, आणि रेडर्स 2020 साली लास व्हेगसला गेले तरी त्याची फेड इथल्या लोकांच्याच माथी राहिली, हेही मला क्रीडा पानावरच कळलं. याला जाहिरात म्हणतात? मालकाला विचारा.

लास व्हेगसचं स्टेडियम होईपर्यंत मालक टीमला घेऊन वेस्ट सॅक्रामेंटोला गेला, पण त्या गावाचं नावही त्यानं टीमला दिलं नाही. नुसतं ‘ॲथलेटिक्स’. गाव काढून टाकलं की काय उरतं, ते त्यानंच दाखवून दिलं.

आणि हेच गृहस्थ 12 जून 2025 ला त्याच कोलिझियममध्ये निळा झेंडा घेऊन आले होते, अमेरिकेतली टी-20 बघायला. मीही होतो. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन ॲलननं 51 चेंडूंत 151 ठोकल्या, 19 षटकार मारले. डोळ्यांचं पारणं फिटलं. ही युनिकॉर्न्स टीम काय वारकऱ्यांची दिंडी आहे? तीही कंपनीच. तेव्हा त्यांना कंपनी आठवली नाही.

हा वाद मला नवा नाही. पंधराएक वर्षांपूर्वी शनिवारची मराठी शाळा आणि मुलांचं लिटल लीग यांच्या वेळा एकत्र आल्या, तेव्हा अशाच आवाजात सांगण्यात आलं होतं की बेसबॉलनं मुलं मराठीपासून तुटतील. वेळ तासभर पुढं न्या एवढीच माझी मागणी होती. नेली नाही. मुलं दोन्हीकडून तुटली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

माझं म्हणणं काय, ते साधं आहे. या देशात आलो तेव्हा मला इथलं कुणी ओळखत नव्हतं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. ते कुंपणावर पेपर पसरून मला बॉक्स स्कोअर वाचायला शिकवायचे, पेन्सिलीचं टोक एकेका नावाखाली ठेवून. त्यातून मला गल्ल्या कळल्या, शाळा कळल्या, कोणत्या वस्तीचा राग कुणावर आहे ते कळलं. वर्षाला 162 सामने, म्हणजे जवळजवळ रोज बोलायला काहीतरी असायचं. गावात रुजायला मला तरी याहून दुसरी वाट सापडली नाही.

26 सप्टेंबर 2024 ला ॲथलेटिक्सचा कोलिझियममधला शेवटचा सामना झाला. 46,889 लोक होते आणि टेक्सासला 3-2 असं हरवलं. सामना संपल्यावर मैदानाची निगा राखणारे कठड्याशी येऊन लोकांना माती वाटत होते. पोस्टमन काकांनी ती पेपर कपात घेतली आणि वर रुमाल बांधला.

आता वेस्ट ओकलंडमध्ये रायमंडी पार्कवर बॉलर्स नावाची छोटी टीम खेळते. तिच्यात चाहत्यांनी स्वतःचे पैसे घातलेत आणि 2025 साली तिनं पायोनियर लीग जिंकली. बातमी चार इंचांची येते. काकांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून कुंपणाशी उभं राहून मीच ती त्यांना वाचून दाखवतो.