अट कामाची असावी, जन्माची नव्हे

सप्टेंबर २०१७ मध्ये हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्यांनी पुण्यात सिंहगड रस्ता पोलीस ठाण्यात तक्रार दिली. स्वयंपाकाच्या बाईने ब्राह्मण आणि सुवासिनी असल्याचं खोटं सांगून गौरी-गणपतीचा नि श्राद्धाचा स्वयंपाक केला, सोवळं मोडलं, असा आरोप होता. पोलिसांनी तोतयेगिरीचं ४१९ कलम लावलं. बाईने आरोप नाकारला. गदारोळ झाला आणि तक्रार मागे घेतली गेली. मुद्दा मात्र निकाली निघाला नाही. आजही बाळ सांभाळायला बाई शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा असतो आणि नाव मुसलमान वा ख्रिस्ती निघालं की ‘कळवतो’ म्हणून दार लागतं.

याचं समर्थन करणारे म्हणतात, घर आमचं, पगार आम्ही देणार, कुणाला ठेवायचं ते आम्ही ठरवू. पण जिथे दुसरी व्यक्ती पगारावर राबते, ते घर तिच्यापुरतं कामाचं ठिकाण असतं. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहत्या घरालाही कामाचं ठिकाण मानलं आहे. कायद्याने उंबरठा आधीच ओलांडला आहे.

दुसरा आधार धर्मस्वातंत्र्याचा. संविधानाचं २५वं कलम ते देतं, पण इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहूनच. शिवाय गौरीचा नैवेद्य घरच्यांनी सोवळ्यात करावा, त्याला कोण अडवतं? बाळाला न्हाऊ घालणं, वरण-भात भरवणं, थोपटून निजवणं ही काही पूजा नव्हे.

तिसरा मुद्दा संस्कारांचा, आणि तो कळकळीचा आहे. मुलाने आपली भाषा शिकावी, घरात मांस येऊ नये, असं वाटण्यात गैर काही नाही. मग तेच सांगा: ‘बाळाशी मराठीत बोला, बाहेरचं खायला देऊ नका.’ ही वागण्याची अट झाली, ती कुठल्याही धर्माची बाई पाळू शकते. जन्माची अट कुणालाच पाळता येत नाही. आणि ज्या मावशीच्या मांडीवर मूल झोपतं, तिचा चहाचा कप मोरीजवळ वेगळा ठेवलेला ते रोज पाहतं, हाही संस्कारच. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून याच पुण्यात टिळक-रानड्यांवर बहिष्काराची वेळ आली होती. तो कप अजून वेगळाच आहे.

‘मग बाई खोटं का सांगते?’ असंही विचारलं जातं. खऱ्या नावाने काम मिळत असतं, तर खोटं सांगायची गरजच कुणाला पडली असती?

कायदा मात्र इथे अर्धाच आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी नाकारणं १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण संविधानाचं १५वं कलम दुकानं, हॉटेलं, पाणवठे यांपाशी थांबतं आणि १६वं सरकारी नोकरीपाशी. खासगी घराने धर्मावरून काम नाकारलं तर त्या बाईला दाद मागायला थेट कायदा नाही. महाराष्ट्राने २००८मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर कल्याणावर आहे, नेमणुकीतल्या भेदभावावर नाही.

पुण्याच्या मोलकरणींनी १९८०मध्ये संप करून पगारवाढ मागितली आणि संघटना उभी केली. त्याच शहराने आता पुढचं पाऊल टाकावं. घरकामगारांच्या कायद्यात एक स्पष्ट कलम हवं: अनुभव, स्वच्छता, आहार, भाषा, वेळ यांच्या अटी चालतील, धर्म, जात, वैधव्य यांच्या चालणार नाहीत. बाई पुरवणाऱ्या एजन्सीच्या फॉर्मवरचा जात-धर्माचा रकाना पहिल्याप्रथम काढावा.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर दारात आलेल्या बाईला आडनाव नका विचारू. आधी किती मुलं सांभाळली ते विचारा, आणि पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, हे तुम्ही सांगा.