आडवाटेसाठी एअरबॅग बंद करावी का?

पावसाळा लागला की आमच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक सर्दी-तापाचे. दुसरे, रविवारी सड्यावर जाऊन सोमवारी मान आणि कंबर धरून येणारे. ठोसेघरचा धबधबा पाहायचा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली गरम भजी खायची आणि मग डांबरी रस्ता सोडून गाडी चिखलात घालायची, ही आता सातारा-सांगलीकडच्या तरुण मंडळींची हौस झाली आहे. हौसेला मोल नसते हे खरे. पण मानेला असते.

असाच एक तरुण बागायतदार मध्यंतरी तासगावकडून माझ्याकडे आला. नवी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतलेली. मान आखडली होती. तपासता तपासता मी सहज विचारले, "इतके हादरे बसले, एअरबॅग नाही ना उघडली?"

"नाही डॉक्टर. तिचा फ्यूजच काढून ठेवलाय. दगडाला चाक आपटलं की उगाच फुटते म्हणतात. तोंड फुटायचं आणि वर नवी बसवायला लाखाच्या घरात खर्च."

"कधी काढलास?"

"दिवाळीत."

"मधल्या काळात पुण्याला गेला असशील?"

"चार-पाच खेपा झाल्या की. घरची माणसंही होती."

"आणि समोरचा लाल दिवा?"

तो जरासा ओशाळून हसला. "त्यावर मेकॅनिकनं काळी चिकटपट्टी लावून दिली."

वाचकहो, आजचा लेख या चिकटपट्टीवर आहे.

प्रथम एअरबॅग म्हणजे काय ते समजून घेऊ. स्टिअरिंगमध्ये आणि शेजारच्या डॅशबोर्डमध्ये घडी घालून ठेवलेली ही कापडी पिशवी असते. गाडीचा वेग समोरून एकाएकी खुंटला की संवेदक ते ओळखतो, रासायनिक क्रियेने वायू तयार होतो आणि साधारण 30 मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायला याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. फुगल्याबरोबर मागच्या भोकांतून वायू सुटू लागतो आणि पिशवी मऊ पडते. आपले डोके येऊन टेकायचे ते या मऊ पडत्या पिशवीवर.

आता दगडाच्या भीतीविषयी. खड्ड्यात चाक आदळले की गाडी वर-खाली उसळते. पुढच्या एअरबॅगचा संवेदक मुख्यतः पुढून मागे बसणारा धक्का मोजतो, आणि तो किती तीव्र आहे व किती वेळ टिकतो हेही पाहतो. साधारणपणे ताशी 20 ते 25 किलोमीटर वेगाने भिंतीवर समोरून धडकावे इतका धक्का बसल्याशिवाय पिशवी उघडत नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाडीला सहसा असा धक्का बसत नाही. गाडीचे पोट खडकावर जोरात आपटले तर क्वचित उघडूही शकते, हे मान्य. पण गाडी तेवढ्या जोरात आपटत असेल तर दोष एअरबॅगचा नाही, आपल्या उजव्या पायाचा आहे.

एअरबॅग निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. तिच्याने चेहरा आणि हात खरचटतात, मनगट मोडू शकते, डोळ्याला इजा होते, धुरळ्याने दमेकऱ्याला धाप लागते. लहान मुलाच्या तर ती जिवावर बेतू शकते. डिसेंबर 2024 मध्ये वाशीला झालेल्या अपघातात पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला, ही बातमी आपण वाचली असेल. अमेरिकेत 1990 ते 2008 या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगने 290 हून अधिक बळी घेतले. मात्र त्यांतल्या बहुसंख्यांनी पट्टा बांधलेला नव्हता किंवा नीट बांधलेला नव्हता, आणि बहुतेक गाड्या 1998 पूर्वीच्या, जास्त जोराने पिशवी फुगवणाऱ्या होत्या. दुसऱ्या पारड्यात काय आहे? त्याच देशातल्या सरकारी अंदाजानुसार 1987 ते 2017 या तीस वर्षांत पुढच्या एअरबॅगनी 50 हजारांहून अधिक जीव वाचवले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की औषध कोणते आणि त्याचा दुष्परिणाम कोणता हे कळते. दुष्परिणाम आहेत म्हणून आपण औषध फेकत नाही. डोस आणि पथ्य सांभाळतो.

पथ्य अगदी साधे आहे. पट्टा बांधा. आमच्या भाषेत सांगायचे तर पट्टा म्हणजे भाकरी आणि एअरबॅग म्हणजे कालवण. नुसत्या कालवणाने पोट भरत नाही. पट्टा नसेल तर ब्रेक लागताच अंग पुढे झेपावते आणि पिशवी फुगत असतानाच तोंड तिच्यावर जाते. मग मऊ उशीऐवजी ठोसा बसतो.

फ्यूज काढण्यातला खरा धोका तर बहुतेकांना माहीतच नसतो. अपघाताच्या क्षणी पट्टा खेचून अंगाशी घट्ट करणारी एक यंत्रणा अनेक गाड्यांत असते. ती आणि एअरबॅग एकाच नियंत्रकावर चालतात. फ्यूज काढला की दोन्ही मरतात. म्हणजे कालवण नको म्हणताना भाकरीचाही तुकडा गेला. आणि गाडी घरी परतते ती सड्यावरून नव्हे, पुणे-बंगळूर महामार्गावरून. सड्यावर वेग ताशी 10, महामार्गावर 100. जिथे एअरबॅग लागण्याची शक्यता कमी तिथल्यासाठी ती काढायची आणि जिथे लागणार तिथे ती नाही, हा कुठला हिशेब? तो तरुण दिवाळीपासून बायको-मुलाला घेऊन असाच हिंडत होता.

आडवाटेवरचा सर्वांत मोठा धोका गाडी उलटण्याचा. जुलै 2025 मध्ये पाटण तालुक्यात सडावाघापूर रस्त्यावरच्या टेबल पॉइंटजवळ ओल्या गवतावर गोल फिरवलेली मोटार घसरून सुमारे 300 फूट दरीत गेली. चालक गंभीर जखमी झाला, पण वाचला. अशा कोलांट्यांत पुढची एअरबॅग एकदाच उघडते आणि रिकामी होते. पुढच्या प्रत्येक कोलांटीत माणसाला सीटला धरून ठेवतो तो पट्टाच. काही गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅग असतात. गाडी उलटू लागली की त्या उघडतात. तीव्र उतारावर गाडी नुसती कलली तरी त्या उघडू नयेत म्हणून काही परदेशी गाड्यांत कंपनीनेच वेगळे बटण दिलेले असते. असे बटण असेल तर माहितीपुस्तिकेप्रमाणे वापरा आणि डांबरीवर येताच पूर्ववत करा. शेजारच्या सीटची एअरबॅग बंद करण्याची किल्लीही अनेक गाड्यांत असते; ती मागे तोंड करून ठेवायच्या बाळाच्या खुर्चीसाठी आहे, दगडांसाठी नाही.

"शर्यतीच्या गाड्यांत एअरबॅग काढतात की," असे त्या तरुणाने मला ऐकवले. काढतात, पण त्या बदल्यात चार-पाच पदरी पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण आणि गाडीला आतून लोखंडी पिंजरा असतो. आपण सदरा घालून, मांडीवर भज्यांचा पुडा ठेवून निघालेलो असतो.

याउलट एअरबॅगचे काम बिघडवणाऱ्या गोष्टी आपण हौसेने बसवतो. पुढचा लोखंडी गार्ड धक्क्याची चाल बदलतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर बंदी सांगितली. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर जाड कव्हर तिला अडवते. शेजारच्या डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेली गणपतीची मूर्ती अपघातात गोळीसारखी तोंडावर येते. देव जरूर असावा, पण जरा बाजूला. पट्ट्याच्या जागी खोचायचे नकली बक्कल तर शुद्ध आत्मवंचना आहे.

मी मिरजेला शिकत होतो तेव्हा वडापच्या जीपमध्ये चौदा-पंधरा माणसे कोंबलेली असत. पट्टा नाही, एअरबॅग नाही. अपघातानंतर त्यांतली माणसे ज्या स्थितीत येत ती मी अजून विसरलेलो नाही. ड्रायव्हरच्या छातीवर स्टिअरिंगचा गोल वळ उमटलेला असे. नव्या मोटारींत ड्रायव्हरपुढे एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली आणि 2021 मध्ये शेजारच्या सीटसाठीही. इतक्या उशिरा हाती आलेली गोष्ट आपणच उपटून टाकावी याचे मला दुःख होते.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. आडवाटेसाठी एअरबॅग बंद करू नये. छाती स्टिअरिंगपासून निदान 25 सेंटिमीटर दूर ठेवावी. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, अंगठे चाकाच्या आत न अडकवता ठेवावेत; दगडाने चाक फिरले तर अंगठा मोडत नाही. बारा वर्षांखालची मुले मागे, पट्ट्यात. गरोदर स्त्रीने आडवाटेला जाऊच नये. एरवी पट्ट्याचा खालचा पदर पोटाखाली घ्यावा. एअरबॅग उघडलीच तर बाहेर पडून डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर 108 ला फोन करावा; घरी नेऊन झोपवू नये.

आणि रोज सकाळी एक तपासणी करावी. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. विझला नाही किंवा मुळीच लागला नाही, तर गाडी थेट कार्यशाळेत न्यावी. घरी वायरींशी खेळू नये.

तो तरुण पंधरा दिवसांनी मान दाखवायला पुन्हा आला. मान बरी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, फ्यूज बसवून घेतला. पट्टी काढली. दिवा लागतो आणि विझतो."

त्या दिवशी मी त्याच्याकडून तपासणीचे पैसे घेतले नाहीत.